आईची साडी, बाळाची गोधडी: कात्री हातात घेण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईला जाऊन दीड वर्ष झालं आणि तिच्या ट्रंकेतून चार साड्या निघाल्या: आजीचं सुती नऊवारी लुगडं, आईची रोजच्या नेसणीतली फिकट निळी सुती पाचवारी, एक फुलाफुलांची नायलॉनची आणि लग्नातला शालू. भाचीला तीन महिन्यांनी बाळ होणार आहे. त्या बाळासाठी यातून हाताने काहीतरी करून द्यायचं तुमच्या मनात आहे, पण शिवणाचा सराव नाही. मशीन शेजारणीकडे आहे. शिवाय जुन्या कापडाचं दिलं तर भाचीच्या सासरी काय म्हणतील, हीही धास्ती आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की कात्री हातात घेते आणि परत ठेवून देते.

कात्री ठेवूनच द्या. आईची निळी साडी एकही तुकडा न करता बाळाची गोधडी होते.

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते आणि रुंदी सव्वा मीटरला थोडी कमी. लांबीत तिचे चार थर केले की सुमारे १.३७ मीटर बाय १.१५ मीटरची चौपदरी घडी होते. बाळाला खाली अंथरायला हे माप भरपूर आहे, पुढे तीन-चार वर्षांचं पोर त्याच गोधडीवर दुपारची झोप काढेल. चार घड्यांची म्हणून चौघडी, असं हिला जुनं नाव आहे. घडी मात्र कशी घालायची ते नीट ऐका. अर्ध्यावर अर्धी अशी नाही, तर कागदाचा पंखा करताना जशा पुढे-मागे घड्या घालतो तशी. म्हणजे सगळ्यांत वरच्या थराला साडीचा पदर येतो, सगळ्यांत खालच्या थराला कमरेशी खोचायचं टोक येतं आणि मधला भाग आपोआप पोटात जातो. साडी कुठे विरते ते तुम्हाला नेसून माहीत आहे. निऱ्यांपाशी विरते, बसून उठून मागच्या बाजूला विरते. पदर आणि खोचायचं टोक बहुधा शाबूत असतं. या घडीत धड कापड बाहेर येतं आणि विरलेलं आत झाकलं जातं. शिवाय चार थर असल्यामुळे दोन्ही बाहेरच्या अंगांना साडीची सुलटी बाजूच येते. मी तीस वर्षं गोधड्या शिवते आहे आणि नवीन माणसाला पहिली गोधडी हीच शिकवते, कारण जोडकामाची कटकट नाही आणि चुकलं तर टाके उसवून साडी जशीच्या तशी परत मिळते. तुमच्यासाठी ही शेवटची गोष्ट जास्त मोलाची असेल असं वाटतं.

पण त्याआधी कापडाची परीक्षा. यात घाई केली तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

पहिली परीक्षा उजेडाची. साडी खिडकीत धरून टोकापासून टोकापर्यंत सरकवत न्या. जिथे सूत विरळ होऊन जाळीसारखं दिसतं तिथे कडेला टाचणीने खूण करा. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड हलकेच आडवं आणि उभं ताणा. चांगलं जुनं सूत थोडं खेचलं जातं आणि परत येतं. दम संपलेलं कापड आवाजही न करता उसवल्यासारखं सुटतं. असा भाग वीतभर असेल तर आतल्या थरात राहू द्या, चालेल. निम्मी साडीच तशी असेल तर मात्र तिच्यावर टाके घालू नका, टाक्याटाक्याला फाटेल.

दुसरी परीक्षा आगीची. ही निळी साडी ‘सुती आहे’ असं तुम्ही म्हणता, पण टेरिकॉटच्या, म्हणजे सूत आणि पॉलिस्टरच्या मिसळीच्या, साड्याही घरोघरी सुती म्हणूनच चालल्या. पदराच्या टोकाची चार-पाच सुतं काढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि काडी लावा. निव्वळ सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा येतो आणि बोटाने चुरली तर मऊ राखाडी राख होते. नायलॉन किंवा पॉलिस्टर आधी आक्रसतं, मग वितळून टणक मणी होतो. टेरिकॉटमध्ये राखही होते आणि तिच्यात टोचणारा खडाही लागतो. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. बाळाच्या अंगाशी फक्त पहिल्या प्रकारचं कापड. कृत्रिम धागा घाम शोषत नाही आणि आगीत चिकटून भाजतो.

तिसरी परीक्षा रंगाची, आणि ही मी स्वतः पोळून शिकले. सुरुवातीच्या काळात एका बाळासाठी जुन्या पांढऱ्या धोतरावर लाल खणाचे चौकोन लावले होते. इतकी सुंदर दिसत होती! पहिल्याच धुण्यात लाल रंग उतरला आणि सगळ्या पांढऱ्यावर गुलाबी डाग पसरले. बाळाच्या आईने काही बोलून दाखवलं नाही, पण मी ती परत मागून घेतली आणि दुसरी शिवून दिली. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यावर साबणाच्या गरम पाण्यात बुडवलेलं पांढरं फडकं मिनिटभर दाबून धरते. फडक्याला रंग लागला तर ते कापड गोधडीत जात नाही. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सांगतात, त्यावर विसंबू नका. आईची निळी साडी शेकडो धुण्यांतून गेली आहे, ती बहुधा पास होईल. आजीच्या लुगड्याचे काठ लाल किंवा गर्द जांभळे असले तर त्यांच्याकडे लक्ष द्या.

साड्यांना डांबरगोळ्यांचा वास येतो असंही तुम्ही सहज लिहून गेलात. ते सहज घेऊ नका. डांबरगोळीतलं नॅप्थलीन कापडात मुरतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं आणि अशा बाळाला त्या कपड्यांत गुंडाळलं तर तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. बाळ कोणत्या गटातलं आहे हे आधी कोणाला ठाऊक असतं? म्हणून साड्या आधी दोन-तीन दिवस वाऱ्यावर टांगा. मग गरम पाण्यात साबण आणि थोडा धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवा, खळबळून धुवा, कडक उन्हात वाळवा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत पुन्हा धुवा. शालूला यातलं काही करू नका, त्याचं नंतर सांगते. धुतल्यावर खळ घालू नका. कापडातली खळ कसरीला आवडते आणि खळीचं कापड सुईलाही जड जातं.

धुण्याआधी फॉल उसवायला विसरू नका. फॉलखालचं कापड बघाल तर तिथे साडीचा मूळ रंग दिसेल.

आता आत काय भरायचं? काही नाही. बाजारात गोधडीच्या आत घालायला फायबरचे पत्रे मिळतात आणि हल्ली शिकवणारेही ते घ्यायला सांगतात. माझं मत याविरुद्ध पक्कं आहे. गोधडीची ऊब थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेची असते. चार थर मऊ सुती कापड आणि त्यांना जागच्या जागी धरणारा धावदोरा, एवढ्यावर आपल्याकडच्या पिढ्यांनी थंडी काढली. जुन्यातून करायला बसलो आणि दुकानातून फायबर, नवं अस्तर, तयार लेस आणली, तर आईची साडी नुसती वरची सजावट होते. तुम्हाला विकत आणायचा आहे तो फक्त दोरा, आणि घरात नसेल तर सुई.

दोरा जाड सुती घ्या. कृत्रिम दोऱ्याच्या गाठी सुटतात. शिवाय गोधडी कधी ओढली गेली तर आधी दोरा तुटावा, कापड नाही, अशी माझी इच्छा असते. सुती दोरा तुटला तर दहा मिनिटांत परत घालता येतो. सुई लांब आणि मोठ्या डोळ्याची. दाभण घेऊ नका, ती पोती आणि जाड वाकळांसाठी. विरलेल्या सुतात दाभणाची भोकं कायमची राहतात. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की गुंता होत नाही, आणि एका वेळी हातभरापेक्षा फार लांब घेऊ नका.

लागेल किती? दोन ओळींत दोन सेंटीमीटर, म्हणजे साधारण एका बोटाचं अंतर धरलं तर या मापाच्या गोधडीवर सगळ्या ओळींची मिळून लांबी ऐंशी मीटरच्या आसपास भरते. एकेरी दोऱ्याने शंभर मीटर, दुहेरीने दोनशे मीटर दोरा हाताशी ठेवा. माझा हात तासाला पाचेक मीटर चालतो. तुमचा निम्मा धरू. बत्तीस तास. रोज पाऊण तास बसलात तर दीड महिन्यात होते, आणि तुमच्याकडे तीन महिने आहेत. सुरुवातीला ओळी वाकड्या जातील. उसवत बसू नका, पाचव्या-सहाव्या ओळीपासून हात आपोआप सुधारतो.

गोधडी घालायला (आमच्याकडे ‘गोधडी घालणं’ म्हणतात, शिवणं त्यानंतर) एकटीने बसू नका. जमीन पुसून कोरडी करा, पंखा बंद करा, शेजारणीला बोलवा. तिची मशीन नको आहे, तिचे दोन हात हवे आहेत. एकीने टोक धरायचं, दुसरीने हाताच्या पंज्याने मधून कडेकडे सुरकुत्या सारत जायचं. एक थर पूर्ण सपाट झाल्यावरच त्यावर दुसरी घडी. कोपऱ्यांवर भरलेले डबे ठेवा. चारही थर बसले की वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने कच्चे टाके घाला, मधून सुरू करून बाहेर, वीत-वीत अंतरावर, उभे आणि आडवे. हे टाके शेवटी काढून टाकायचे असतात म्हणून लोक कंटाळा करतात. मग निम्म्यात गेल्यावर आतला थर गोळा होतो आणि मधोमध फुगा येतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक गोधड्यांचं दुखणं हेच असतं.

पक्का धावदोरा आपल्या जुन्या रीतीने कडेपासून सुरू करा. कोपऱ्यातून निघायचं, चारही कडांनी फिरून यायचं, मग एक बोट आत सरकून दुसरा फेरा, असं करत मध्यापर्यंत. टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि मधली जागाही तेवढीच. डावा हात गोधडीच्या खाली ठेवा. सुईचं टोक त्या बोटाला टेकलं तरच ती चारही थरांतून गेली असं समजायचं. बोट दुखेल, तिथे चिकटपट्टी गुंडाळा, आणि वरच्या हातात अंगुस्तान घाला. गाठ वर दिसू द्यायची नाही, दोन थरांच्या मध्ये ओढून घ्यायची. दोरा ताणू नका, सैलही सोडू नका. ओळीच्या दोन्ही बाजूंना कापड किंचित उठून बारीक लाटा दिसायला लागल्या की ताण बरोबर आहे. शिवताना आणि पहिल्या धुण्यानंतर गोधडी दोन्ही बाजूंनी थोडी आत येते, त्याने घाबरू नका.

मशीनबद्दल विचारलंत. काठाची पट्टी जोडायला, तुकड्याला तुकडा जोडायला मशीन खुशाल वापरा, फक्त टाका सगळ्यांत लांब ठेवा. अंगभर मात्र मशीन मारू नका. जुन्या कापडात जवळजवळ पडणारी भोकं म्हणजे तिकिटाला फाडण्यासाठी पाडलेली रेघ, दोन वर्षांत कापड तिथेच सुटतं. मशीनच्या गोधडीला ताठपणाही येतो, बाळाच्या अंगाबरोबर ती दुमडत नाही.

आता आजीचं लुगडं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्यातलं कासोट्याचं आणि खालच्या काठाजवळचं विरलेलं असणार. इथे तुम्हाला कापडाचे भाग करावे लागतील, पण कात्री तरीही नको. सुती कापड कापायचं नाही, सूत धरून फाडायचं. कडेला बोटभर चीर द्या आणि दोन्ही हातांनी सरळ ओढा. आपोआप सुताच्या रेषेत फाटतं, कात्रीपेक्षा सरळ. आवाजावरूनही कळतं. धड कापड टर्र वाजतं, दमलेलं नुसतं सुटतं. फाडताना तुमच्या डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्या. लुगडी फाडून धडपे करणं ही आपल्या घरांतली नेहमीची रीत होती. तुमच्या आजीनेही तिच्या आईचं लुगडं असंच फाडलं असणार.

वरचा काठ चार बोटं रुंद फाडून घ्या. खालचा टाचांपाशी घासलेला असतो. गोधडीच्या चारही कडा मिळून पाच मीटरच्या आसपास भरतात, म्हणजे एका काठात गोधडीची पूर्ण किनार निघते आणि वर उरतो. किनार लावताना ती अर्धी वर, अर्धी खाली दुमडून बारीक टाके घाला.

कोपऱ्यांसाठी एक सुचवते. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यात कोकणी बोलणारे आहेत, मराठी बोलणारेही. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या ‘कवंदी’ शिवतात. त्याही कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्यावर येतात, आणि चार कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाचे त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवायची कवंदी त्यांना उघडी वाटते. मी ती फुलं पहिल्यांदा पाहिली तेव्हापासून माझ्याही बाळगोधड्यांना कोपऱ्यात लुगड्याच्या पदराचे छोटे त्रिकोण लावते. घट्ट शिवा, म्हणजे बाळाच्या तोंडात गेले तरी सुटणार नाहीत. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कच्छ-सिंधची रल्ली या सगळ्या आपल्या गोधडीच्या बहिणी. जुनं कापड, एकावर एक थर आणि धावदोरा, एवढीच सगळ्यांची पुंजी.

लुगड्याचं उरलेलं मऊ कापड गोधडीत कोंबू नका. सहा थरांची गोधडी बाळाला जड होते आणि तुमच्या सुईलाही. त्याची एकेरी दुपटी करा, मीटरभर लांब-रुंद, कडा नुसत्या दुमडून. धड भागातून सहज तीन-चार निघतील. त्याहून लहान तुकड्यांचे लंगोट. भेट म्हणून लंगोट देणं तुम्हाला विचित्र वाटेल, पण तान्ह्या बाळाच्या आईला पहिल्या महिन्यात याहून उपयोगी काही नसतं. मऊपणा असा येतो की वर्षानुवर्षांच्या धुण्यात कापडाची खळ जाते, सूत सैल पडतं. नवं कापड कितीही महाग घेतलं तरी तो मऊपणा दुकानात मिळत नाही.

सासरच्यांची धास्ती इथेच मिटवून टाकू. नव्या बाळाला पहिलं कापड जुन्याचंच घालायचं, ही आपली जुनी पद्धत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या धोतराचं किंवा लुगड्याचं झबलं आधी, नवं आंगडं-टोपडं नंतर. त्यात आयुष्याची सावली बाळावर पडावी अशी भावना होती आणि नव्या कापडाचा कडकपणा कोवळ्या कातडीला लागू नये हा व्यवहारही होता. भाचीच्या सासूबाईंना ही पद्धत तुमच्यापेक्षा चांगली माहीत असण्याची शक्यता आहे. लोकांना खटकतं ते जुनं कापड नाही, कळकट कापड. स्वच्छ धुतलेली, उन्हाचा वास असलेली, सरळ काठाची गोधडी हातात घेतल्यावर तिला चिंध्या म्हणणारं माणूस मला तीस वर्षांत भेटलेलं नाही.

नायलॉनची साडी बाळापासून लांब ठेवा. तिचं पायपुसणं उत्तम होतं, कारण ती झिजत नाही आणि लवकर वाळते. तीन बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या कापा (हिला कात्रीच लागते, ही नीट फाटत नाही), तीन पट्ट्यांची सैलसर वेणी घाला, आणि वेणी जमिनीवर सपाट ठेवूनच गोल गोल फिरवत शेजारच्या फेऱ्याला शिवत जा. मांडीवर घेऊन शिवलं की ताण वाढतो आणि पायपुसण्याची टोपली होते. वळणावर वेणी थोडी जास्तीची सोडायची, बस. भाचीच्या न्हाणीघराबाहेर आईची ती फुलं दिसतील. याच कापडाची गरम भांडी धरायची फडकी मात्र करू नका, तव्याला चिकटून वितळतं. ती करायची तर सुतीचीच, सात-आठ थर देऊन, आणि कोरडी असतानाच वापरायची. ओल्या फडक्यातून चटका लगेच पोचतो.

शालूला हात लावू नका. बाळाच्या वस्तूत जरीचं कापड नको, जरीची तार सुटली की टोचते, आणि रेशमाला घरचं रोजचं धुणं सोसत नाही. आमच्या लहानपणी बोहारीण दारात आली की जरीची साडी बघून तिचे डोळे चमकायचे. एका स्टीलच्या डब्यावर कितीतरी घरांतले शालू गेले आणि मागाहून हळहळ राहिली. तुमचा राहिलाय तो सांभाळा. धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा, आजीच्या लुगड्याचाच एक धडपा त्याला द्या. दर तीन-चार महिन्यांनी काढून घड्या मोडा आणि दुसऱ्या ठिकाणी घाला. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलेलं रेशीम तिथेच चिरतं. ट्रंकेत डांबरगोळ्यांऐवजी वेखंडाचे तुकडे किंवा सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. घड्यांवर तो आधीच चिरला असेल तर धड राहिलेल्या पदराला मागून सुती अस्तर देऊन भाचीसाठी एक बटवा करा. पण तेही आत्ता नको. या तीन महिन्यांत एवढंच काम पुरे आहे.

देताना एक गोष्ट भाचीला स्पष्ट सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत सैल पांघरूण घालू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ते तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. झोपलेल्या बाळाजवळ गोधडी ठेवूच नये. ही गोधडी जमिनीवर अंथरून बाळाला पालथं पडायला, खेळायला, मालिशीनंतर अंगावर ऊन घ्यायला. कोणीतरी समोर बसलेलं असताना. पांघरायला पुढची सगळी वर्षं आहेत. म्हणूनच गोधडीवर मणी, बटणं, आरसे, लोंबणारे गोंडे काहीही लावू नका. नाव घालायचं तर मधोमध शेवटच्या चौकोनात साखळी टाक्याने घाला. बाळाचं नाव बारशाआधी माहीत नसणार, तर आईचं घाला आणि कोपऱ्यात वर्ष.

वर बांधायला चकचकीत कागद नको, लुगड्याचाच एक तुकडा घेऊन गाठोडं बांधा. सोबत चिठ्ठी द्यायची तर तीही कापडाचीच करता येते. सावंतवाडीच्या गंजिफांमुळे आपल्याला माहीत असलेली ती जुनी युक्ती: गंजिफांची पानं पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून कडक करत. चिंचोके भाजून वरचं तपकिरी साल काढा, भिजवून वाळवून दळा. वाटीभर पिठाला सहा-सात वाट्या पाणी घालून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळा. कापडाचे तीन थर ही खळ लावून एकावर एक चिकटवा, लाटण्याने दाबा, वजनाखाली एक रात्र आणि मग सावलीत वाळवा. पुठ्ठ्यासारखं कडक होतं, वर पेनाने लिहिता येतं. खळ टिकावी म्हणून पूर्वी त्यात मोरचूद घालत, ते विष आहे, बाळाच्या घरात जाणाऱ्या वस्तूला अजिबात नको. आणि खळीच्या वासाने किडे येतात म्हणून ही चिठ्ठी गोधडीच्या घडीत ठेवू नका, वेगळी द्या. चिठ्ठीवर कोणती साडी कोणाची, ती कधी नेसायची, एवढं लिहा. मी सुरुवातीच्या गोधड्यांबरोबर असं लिहून दिलं नाही, आणि आज ती माणसं मला विचारतात की यातलं पिवळं कापड कोणाचं होतं. मला आठवत नाही.

धुण्याचं सोपं आहे. महिन्यातून एकदा कोमट पाणी आणि साधा साबण. ओली गोधडी फार जड होते, एका कडेने टांगली तर तिच्याच वजनाने टाके तुटतात, म्हणून दोन दोऱ्यांवर आडवी पसरून वाळवायची. घटस्थापनेच्या आधी गावाकडे सगळ्या वाकळा-गोधड्या नदीवर जायच्या आणि दिवसभर खडकांवर वाळायच्या. तसं कडक ऊन वर्षातून दोनदा तरी द्या.

पाच-सहा वर्षांनी वरचा थर विरेल. तेव्हा गोधडी टाकायची नाही आणि उसवायचीही नाही. तिच्यावर दुसरं लुगडं चढवतात, दोन्ही बाजूंनी नवं कापड घालून सगळ्यातून पुन्हा धावदोरा. माझ्या घरी अशी एक वाकळ आहे, तिच्या पोटात तीन बायकांची लुगडी आहेत. तुमच्या गोधडीवर पुढे चढवायला लुगड्याचा एक मोठा धडपा आजच धुऊन, वाळवून, वेखंडाबरोबर बाजूला ठेवा. भाचीला सांगून ठेवा तो कुठे आहे.